मैत्रीच्या तासावर माझा संशय

त्या गुरुवारी माझ्या रिक्षात आवाजच न्हवता.

शाळा सुटली की सहा पोरं मागं बसत्यात आणि शिवाजी पेठेतनं उचगावला येईपर्यंत नुसता बाजार भरलेला असतोय. कोण कुणाच्या पायावर पाय दिला म्हणून बोंबलतंय, कोण दप्तर टोचतंय म्हणून बोंबलतंय, आणि एकदोन उगंचच बोंबलत्यात. त्या आवाजावरच मी गाडी चालवतो. आवाज हाय म्हणजे पोरं हाईत, एवढंच आपलं गणित. त्या दिवशी पेठ ओलांडली, चौक ओलांडला, तरी मागं चिडीचूप. म्हटलं पोरं शाळेतच राहिली आणि मी रिकामी रिक्षा घेऊन निघालो की काय. मागं एकदा तसं झालंय, म्हणून जास्तच भ्यालो.

गाडी कडंला घेतली. वळून बघितलं तर सगळी हजर. पाच जणांचं डोळं मिटलेलं, हात पोटावर, आणि पोटं एकदम वर, एकदम खाली. सहावी पोरगी तेवढी बाहेर बघत बसलेली. म्हटलं, चला, एक तरी शहाणी निघाली.

"काय रं, काय खाल्लासा?" मी इचारलं.

"काका, गप्प बसा. श्वास चाललाय," आजोबा म्हणाला. आजोबा म्हणजे दुसरीतलं पोरगं, जाड चष्म्याचं. नाव मी ठेवलेलं.

"अरं श्वास रोजच चालतोय की. बंद पडला तर सांगायचं."

एरवी एवढ्यावर रिक्षा डुलली असती. त्या दिवशी कुणी हसलं न्हाय. माझी स्वतःची पोरगी, तिसरीतली, तिनंबी डोळं उघडलं न्हाईत. माझा विनोद वाया गेला की मला लगेच संशय येतोय. बाकी कशाचं काय बी झालं तरी येत न्हाय, पण विनोद वाया गेला म्हणजे मामला गंभीर.

घरात गेल्यावर पोरीला बसवलं. ती म्हणाली, "नवीन बाई आल्यात. दर गुरुवारी येणार. मैत्रीचा तास घेत्यात."

"मैत्रीचा तास म्हणजे?"

"राग आला की काय करायचं, कुणाचं भांडण झालं तर काय करायचं, दोस्ती कशी करायची. मन बरं कसं ठेवायचं."

"दोस्ती शिकवायला बाई?"

आमच्या लहानपणी पेठेत दोस्ती शिकवायला कुणी आलं न्हवतं. एकानं ढकलायचं, दुसऱ्यानं दगड उचलायचा, आणि संध्याकाळी दोघांनी एकाच कागदात भेळ खायची. कोर्स संपला. आता त्याला बाई लागती, बाईला गुरुवार लागतोय, आणि वर पोट वरखाली करायला लागतंय. ह्यात काहीतरी हाय, मी मनात म्हटलं. सरळ न्हाय हे.

माझं शिक्षण तिसरी. तेबी मास्तरांच्या मनाचा मोठेपणा, दुसऱ्यांदा दुसरीत बघायला त्यांनाच कंटाळा आलता. वाचता येतंय मला, न्हाय असं न्हाय, पण दुकानाची पाटी वाचायची तर रिक्षा थांबवायला लागती. तरी माणूस मी हुशार समजतो स्वतःला, कारण नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरायचं न्हाय. आमच्या पेठेत बारशाचं नाव रेशनकार्डावर असतंय आणि तालमीच्या कट्ट्यावरचं नाव माणसाला असतंय. माणूस मेला तरी फळ्यावर कंसात तेच लिहित्यात, न्हायतर मयताला कोण येणार? कट्ट्यावरची निम्मी नावं माझी हाईत. लग्न करून उचगावला ऱ्हायला आलो, पण सवय घेऊन आलो. रिक्षात बसलेल्या प्रत्येक पोराला दुसऱ्या दिवशी नाव. आजोबा, बटाटा, डुलकी, घाई. पोरंबी टोपी घातल्यागत ते नाव लावून बसायची.

आणि एक चार हँडल.

ती माझ्या पोरीची मैत्रीण. आमच्या मागच्या गल्लीतली, तीबी तिसरीत. एकच मैत्रीण आमच्या पोरीला, पण पक्की. डबा एकीचा उघडायचा आणि दोघींनी खायचा, मग दुसरीचा उघडायचा. तर ही पोरगी बोलताना अडकती. शब्द वटावर येऊन थांबतोय. आणि माझी रिक्षा म्हणजे जुनाट, बटणावर सुरू होत न्हाय. सीटजवळचं हँडल चार वेळा खसाखसा वर वढलं की मग खोकत खोकत जागी होती. एका सकाळी ती पोरगी चढता चढता "क-क-क-काका" म्हणाली आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, "घ्या, हिलाबी चार हँडल मारायला लागत्यात!"

रिक्षा हसली. माझी पोरगी हसली. ती स्वतः हसली. झालं, नाव बसलं.

त्याच्यावर माझा आणखी एक खेळ हुता. ती "पा-पा-" म्हणाली की मी पुढनं वरडायचो, "पाणी? पाटी? पापलेट?" पोरं पोट धरून हसायची. मला वाटायचं मी तिला मदत करतोय.

तर मैत्रीचा तास चालू झाला आणि दुसऱ्या आठवड्यात त्या पोरीच्या बापाचा फोन. एमआयडीसीत टर्नर हाय, मोजकं बोलणारा माणूस.

"भाऊ, उद्यापासनं पोरीला मीच सोडतो."

"का ओ? काय चुकलं काय?"

"काय न्हाय. माझी पाळी बदलल्या."

फोन ठेवला. मी बायकोला म्हटलं, "खोटं बोलतोय. दुसरी गाडी लावली असणार. ती नवीन व्हॅन हाय बघ, पडदंवाली."

"अवो, पाळी बदलली म्हणतोय नव्हं माणूस?"

"बदलली तर बदलली, एवढं हळू आवाजात कशाला सांगायला पायजे?"

दुसऱ्या दिवशी त्याच्या दारासमोरनंच गेलो. तो मोटरसायकल काढत हुता, पोरगी मागं. मी त्यांच्या मागं लागलो. त्यानं गाडी डावीकडं घेतली, मी डावीकडं. तो पेट्रोल पंपावर थांबला, मी पलीकडं झाडाखाली थांबलो. मागं पाच पोरं.

"काका, शाळा तिकडं हाय," बटाटा म्हणाली.

"गप. गुप्त काम हाय."

"घाईला शी लागल्या," डुलकी म्हणाली.

गुप्त काम तिथंच संपलं. शाळेत पोचलो तर प्रार्थना होऊन गेलेली, शिपायानं गेटावर पोरांदेखत मला झाडला. आणि त्याच गेटावर तो बाप मोटरसायकल वळवून निघालेला. म्हणजे व्हॅन न्हवती. माझा संशय असा पहिल्याच दिवशी तोंडावर पडला, पण मी पडलेला संशय तसाच ठेवत न्हाय, उचलून दुसऱ्यावर टाकतो. व्हॅनवाला न्हाय, मग बाई.

कारण हिकडं माझ्या पोरीचं बिनसलेलं दिसत हुतं. डबा अर्धा परत यायला लागला. शाळा सुटल्यावर पोरं झुंडीनं बाहेर यायची आणि ही सगळ्यात शेवटी, दप्तराचा पट्टा चघळत. रविवारी सकाळी उठली की मागच्या गल्लीत पळणारी पोरगी, ती दारात बसून पायानं माती उकरायची. रात्री झोपताना पोट दुखतंय म्हणायची आणि सकाळी शाळेच्या टायमाला पुन्हा दुखायचं. एकदा म्हणाली, "शाळा बदलता येती काय हो पप्पा?" मी म्हटलं, "माझी बदलली असती तर मी चौथीला गेलो असतो." हसली न्हाय. बायकोनं मातूर माझ्याकडं असं बघितलं की मी ताटात बघायला लागलो.

"नीट इचारा की तिला," बायको म्हणाली.

"इचारलं की."

"कसं इचारलंसा?"

"गमतीत."

"तुमी डॉक्टरलाबी गमतीत सांगिटलं हुतंसा छातीत दुखतंय म्हणून. त्यो हसला आणि खोकल्याचं औषध दिला."

माझं म्हणणं एकच हुतं. हे मैत्रीचं सुरू झालं आणि मैत्री मोडली. आधी बाई न्हवती तवा दोघी एका डब्यात जेवत हुत्या. मग दोष कुणाचा? आणि वर पोरीच्या तोंडात बाईचं बोलणं शिरलेलं. एका संध्याकाळी आमटी जरा पातळ झालती, मी म्हटलं, "वाटी नको, मला पवायला चड्डी दे." तर पोरगी ताठ बसली, एक मोठ्ठा श्वास घेतला आणि म्हणाली, "पप्पा, तुमी असं बोललासा तवा मला आईसाठी वाईट वाटलं."

मी बायकोकडं बघितलं. बायको आमटीकडं बघत हुती.

"हे कोण शिकवलं?"

"बाईंनी. तू वाईट हाईस असं म्हणायचं नस्तंय. तू असं केलास तवा मला असं वाटलं, असं म्हणायचं."

म्हणजे माझ्याच घरात, माझ्याच आमटीवर, बाहेरची बाई बोलायला लागलेली. मला तर झोप लागंना. आमच्या घरातलं सगळं ही पोरगी तिकडं सांगत असणार. आणि सांगण्यासारखं माझ्याकडं लई हाय.

तेवढ्यात मला पेटीचं कळालं. बुटाच्या खोक्याला लाल कागद चिकटवून बाईंनी वर्गात ठेवल्या, वर फट. मनात काय आलं की चिठ्ठी लिहायची आणि टाकायची, बाई एकट्याच वाचणार. मी पोरीला इचारलं, तू काय टाकलीस? ती म्हणाली, "ते सांगायचं नस्तंय." माझी पोरगी मला सांगायचं नस्तंय म्हणते! आता मला खात्रीच पटली की चिठ्ठी माझ्यावर हाय.

मी काय केलं ते सांगायला लाज वाटती, पण एवढं सांगिटलंय तर हेबी घ्या. दुपारी शाळा सुटायच्या आधी तिसरीचा वर्ग मैदानावर गेलेला. मी वर्गात शिरलो, खोकं उलटं केलं, हलवलं. एकच चिठ्ठी बाहेर आली. ती घेऊन खिडकीपाशी गेलो आणि एकेक अक्षर धरत वाचायला लागलो. घाम फुटला. निम्मा घाम भीतीचा, निम्मा जोडाक्षराचा. शेवटी लागलं. "मला डब्यात भेंडी देऊ नये." आमच्या घरात भेंडी कुणी खात न्हाय. म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तरी घराचं गुपित मी फोडलेलं. चिठ्ठी परत कोंबली आणि बाहेर पडलो.

पुढच्या गुरुवारी ठरवलं, डोळ्यानंच बघायचं. तासाभर आधी गेलो. वर्गाची खिडकी उंच, मी शिपायाची बादली पालथी घातली आणि चढलो. आत पोरं सतरंजीवर गोल करून बसलेली. मधी बाई. मला वाटलेलं कोणी पुण्याची चष्मेवाली असंल. तर साधी, आमच्याच भागातली वाटणारी, अंगात पंजाबी ड्रेस, पायात काय न्हाय. पोरांच्या हातात लोकरीचा गुंडा. ज्याच्याकडं गुंडा येईल त्यानं सांगायचं, मला कुठल्या नावानं हाक मारलेली आवडती.

"काका, आत या. बाहेर ऊन आहे," बाई खिडकीकडं न बघताच म्हणाल्या.

"न्हाय न्हाय, मी नळ गळतोय काय बघत हुतो."

"नळ त्या बाजूला आहे."

पोरं खिदळली. बादलीवरनं उतरताना बादलीबी वाजली. आता पळून जायचं म्हणजे मोठीच लाज, म्हणून आत गेलो आणि कोपऱ्यात बसलो. माझी पोरगी माझ्याकडं बघंना. तिची मैत्रीण समोरच्या बाजूला, अगदी दुसऱ्या टोकाला. मधी अख्खा वर्ग.

गुंडा फिरायला लागला. एकेक पोरगं नाव सांगत हुतं. कुणाला आई म्हणते ते नाव, कुणाला पूर्ण नाव, एकाला "कॅप्टन". बटाटाकडं गुंडा आला. तिनं आपलं नाव सांगिटलं, लई गोड नाव. मी चमकलोच. दोन वर्षं रोज घेऊन येतोय, जातोय, आणि हिचं नाव मला आज कळतंय.

मग गुंडा त्या मैत्रिणीच्या हातात.

तिनं तोंड उघडलं. पहिलं अक्षर आलं. पुन्हा आलं. अडकलं. सगळा वर्ग गप्प. बाई गप्प. मानेची शीर ताणलेली तिची. खरं सांगतो, मला शांतता सोसत न्हाय. मयताला गेलो तरी दोन मिनिटांत माझ्या तोंडातनं काहीतरी जातंयच. आणि तेच झालं. तोंड आपोआप उघडलं.

"चार हँडल!"

मागनं दोघंतिघं हसली. लगेच थांबली. पोरीनं गुंडा खाली ठेवला, लई हळू, जसं काय तो फुटणार हाय. माझ्या पोरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलेलं.

"ती सांगत होती, काका. आपण थांबलो होतो," बाई म्हणाल्या. आवाज चढला न्हाय. चढला असता तर बरं झालं असतं, मला भांडायला आधार मिळाला असता.

मग पोरीला म्हणाल्या, "आत्ता सांगायचं का नंतर?" पोरीनं न्हाय म्हणून मान हलवली. त्यांनी गुंडा उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"तुम्ही सांगा. तुम्हाला लहानपणी सगळे काय म्हणायचे?"

हे मला सोपं वाटलं. "पंक्चर! तालमीत पहिल्याच कुस्तीत खाली आलो आणि माझा फुस्सकन श्वासच गेला. तवापासनं पंक्चर. अजून म्हणत्यात."

पोरं हसली. मला जरा बरं वाटलं.

"आवडायचं?" बाईंनी इचारलं.

लई आवडायचं, असं म्हणणार हुतो. तालीम मी गुडघ्यामुळं सोडली असं आजवर सगळ्यांना सांगत आलोय, बायकोलासुद्धा. सगळी पोरं माझ्या तोंडाकडं बघत हुती. मी गुंड्याचा धागा बोटाला गुंडाळला.

"गुडघा दुखायचा," मी म्हटलं. त्याचा तिथं काय संबंध, देवाला ठाऊक.

तास सुटल्यावर व्हरांड्यात बाईंना गाठलं. आत झालेलं सगळं पोटात घालून आवाज चढवलाच. "बाई, सरळ इचारतो. तुमचा हा तास चालू झाला आणि माझ्या पोरीची दोस्ती तुटली. एकच मैत्रीण हुती तिला. काय शिकवलंसा तुमी?"

"तुमच्या मुलीला विचारलंत?"

"ती सांगत न्हाय."

"मला सांगितलंय तिनं. पण ते मी नाही सांगणार. तिनंच सांगायचं." मग जाता जाता म्हणाल्या, "फक्त, विचारल्यावर थांबा थोडं."

त्या दिवशी बाकीची पोरं उतरली, आम्ही दोघंच उरलो. घराच्या अलीकडं रिक्षा थांबवली. इचारलं, "काय झालतं गं?" आणि गप्प बसलो. जमत न्हवतं. हँडल धरून बसलो. एक ट्रॅक्टर गेला, एक ऊस भरलेली बैलगाडी गेली, एकानं पत्ता इचारला, त्याला चुकीचा सांगिटला.

"पहिल्या तासाला बाई म्हणाल्या, तुमच्या मैत्रिणीची ओळख करून द्या," पोरगी मागनं बोलली. "मी उभा ऱ्हायलो आणि म्हणालो, ही माझी मैत्रीण चार हँडल. मला वाटलं सगळी हसतील, तिलाबी आवडंल. रिक्षात आवडतंय की तिला."

"मग?"

"सगळी हसली. आता सगळा वर्ग म्हणतोय. चौथीची पोरंबी म्हणत्यात, हँडल मारल्यागत हात करत्यात. ती वर्गात बोलायचीच बंद झाली. मग माझ्याशीबी."

"आणि हे मला का न्हाय सांगिटलंस?"

"नाव तुमी ठेवलंय. तुमाला वाईट वाटलं असतं." मग दप्तराचा पट्टा चघळत म्हणाली, "तुमाला वाईट वाटलं की तुमी गप्प होतासा. तुमी गप्प झालासा की घरात मला भ्या वाटतंय. पेटीतबी तेच लिहून टाकलतं."

म्हणजे चिठ्ठी माझ्यावरच हुती. संशय बरोबर हुता माझा. बरोबर निघाल्याचा आनंद तेवढा झाला न्हाय.

संध्याकाळी मागच्या गल्लीत जायचं ठरलं. बायकोला म्हटलं, "रिकाम्या हातानं कसं जायचं? काय न्यावं?"

"तोंड न्यावा," ती म्हणाली, "आणि ते मिटून ठेवा."

पोरीला बरोबर घेतलं. बाप दारातच हुता, मोटरसायकल पुसत. त्यानं फडकं बाजूला ठेवलं. "या. जय भीम."

"जय भीम," मी म्हटलं आणि चप्पल काढली. आत खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच्या खाली पोरीचं सुंदर हस्ताक्षराचं प्रशस्तिपत्र फ्रेम करून लावलेलं. त्यावर तिचं पूर्ण नाव. मी ते वाचलं. थांबत थांबत, पण पुरं वाचलं.

"का आलाय ते मला ठावं हाय," बाप म्हणाला. "एक इचारतो, खरं सांगायचं. आमची म्हणून ठेवलासा ते नाव?"

इतके दिवस मी सगळ्यांवर संशय घेत फिरत हुतो, आणि इथं हा माणूस तितकेच दिवस माझ्यावर संशय घेत बसलेला. तोबी एका अक्षरानं न बोलता. पाळी बदलली म्हणून.

"न्हाय ओ. शप्पत न्हाय. सगळ्या पोरांना ठेवतो मी. ही बोलताना अडकती म्हणून ठेवलं."

बोललो आणि ऐकलं मी काय बोललो ते. हे काय त्याच्यापेक्षा बरं न्हवतं. बापानं मान हलवली, पण व्हय म्हणून हलवली की न्हाय म्हणून, ते मला अजून कळालेलं न्हाय. मग आत हाक मारली.

पोरगी आली, आईच्या पदरामागं. मी सुरू केलं, "हे बघ बाळ, माझं तोंड म्हणजे—" आणि पुढं जो विनोद येत हुता तो गिळला. जड जातंय गिळायला. "मी तुला ते नाव ठेवलं. वर्गातबी बोललो. तुला वाईट वाटलं असंल. चुकलं माझं."

ती बोलायला लागली. "म-म-म-"

मला तिचा शब्द दिसत हुता. "मला" असणार, न्हायतर "माझं". मी जीभ दाताखाली धरली. आत कुकरची शिट्टी झाली. आणखी एक झाली. बाप जमिनीकडं बघत उभा, आई तिच्या केसात हात घालून. कुणालाच घाई न्हवती. त्या घरात तशी सवयच हुती म्हणायची. घामाघूम झालेला मी एकटाच.

"मला तुमच्या रि-रिक्षात यायचं न्हाय," ती म्हणाली.

"बरं."

"आणि लगेच ठीक हाय म्हणायला लागत न्हाय. बा-बाई म्हणाल्यात. म-मनात आलं तवाच म्हणायचं."

हे काय भलतंच. आमच्या पेठेत चुकलं म्हटलं की चहाच येतो. बाईंनी पोरांना हेबी शिकवून ठेवलंय, म्हणजे मी किती दिवस टांगून राहायचं? पण बोललो न्हाय. तेवढ्यात चहाबी आला, तो आईनं आपणहून आधीच टाकलेला.

मग ती माझ्या पोरीपुढं जाऊन उभी राहिली. माझ्या पोरीनं काय काय पाठ करून आणलेलं असणार, असं झालं तवा मला असं वाटलं, सगळं. एक शब्द आठवला न्हाय. नुसती रडायला लागली, नाकासकट.

"तू ये," मैत्रीण म्हणाली. हे मातूर तिला एका दमात आलं. "त-तुझा डबा आण."

दुसऱ्या दिवशी मी रिक्षात पोरांना म्हटलं, आजपासनं तुमची खरी नावं सांगा बघू, मी त्याच नावानं हाक मारणार. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी जाड चष्मेवाला म्हणाला, "काका, तुमी आजारी हाईसा काय?" त्याला अजून खात्री वाटत न्हाय. रोज मी नावानं हाक मारली की तो आधी माझं तोंड बघतोय आणि मग चढतोय.

ती मैत्रीण बापाच्या मोटरसायकलवरच जाती. गेटावर भेटली तर मान हलवती, ठीक हाय अजून म्हणालेली न्हाय. वर्गातली पोरं तिला त्या नावानं हाक मारायची अजून पुरी थांबली न्हाईत. चौथीतलाबी एक जण तशीच हाक मारतो, त्याच्यावर बाईंचं काम चालू हाय म्हणे. माझ्यावरबी चालू असंल, मला काय सांगत्यात त्या. गुरुवारी गेटावर दिसल्या की मी आधी नळाकडं बघतो.

गेल्या रविवारी पोरीला त्यांच्या घरी सोडलं आणि बाहेर रिक्षात बसून राहिलो. आतनं दोघींचं हसणं आलं. मग पुन्हा. मला खात्री, माझ्यावरच. माझी पोरगी माझी नक्कल लई भारी करती, बादलीवरनं पडल्याचीबी करत असणार. मला राहवंना. कशावर हसत्यात ते तरी बघावं म्हणून उतरलो आणि दारापर्यंत गेलो.

ती मैत्रीण काहीतरी सांगत हुती आणि मधीच शब्द अडकला. माझी पोरगी तिच्यासमोर मांडी घालून बसलेली, हातात अर्धी चपाती, तोंड मिटलेलं. थांबलेली. मी दाराबाहेर उभा. मला तो शब्द ठाऊक हुता, छातीठोक सांगतो, जिभेवर आलता.

चप्पल हातात घेतली आणि आवाज न करता परत रिक्षात जाऊन बसलो.